दाराबाहेरचा आचारी

"पोपट," असं म्हणत मास्तरांनी फळ्याच्या डाव्या बाजूला, 'थापा' या शब्दाखाली, पोपट लिहिलं. "लाकडी पाय. डोळ्यावर पट्टी. बेटावर पुरलेला खजिना. आणखी काय काय ऐकलंय चाच्यांबद्दल?"

"फळीवरून चालायला लावतात आणि समुद्रात ढकलतात," इंजिनात तेल घालायच्या कामावर लागलेला एकजण मागून म्हणाला. सगळे त्याला तेलवालाच म्हणत.

"थाप. एवढा वेळ कुणाला आहे?"

वर्ग हसला. पहिल्यांदाच जहाजावर जाणारे चौदाजण होते. मास्तरांनी वीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली होती. आता ते खलाशांना चाच्यांपासून जीव वाचवायला शिकवत. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात. मास्तरांनी बोरांच्या नुसत्या बियाही खपवल्या असत्या.

फळ्याच्या उजव्या बाजूला 'खरं' लिहिलेलं होतं. मास्तर तिकडे वळले.

"खरा चाचा रबरी चपला घालून येतो. उपाशी असतो. तुमच्याहून जास्त घाबरलेला असतो, म्हणून तर गोळी सुटते. आपण काय करायचं? इंजिन बंद करायचं, तळातल्या पोलादी खोलीत जायचं आणि आतून दांडा ओढायचा. जहाज हलत नाही, माणसं सापडत नाहीत. मग चाचा बसून करणार काय? तासा-दोन तासांत कंटाळून निघून जातो."

"आणि आपलं कुणी बाहेर राहिलं तर?"

"राहिलं तर राहिलं. नौदलाचा माणूस येऊन ठरलेला शब्द सांगत नाही तोवर दार उघडायचं नाही. सख्खा भाऊ वाजवत असला तरी नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई बसली होती. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत होती.

ती आचाऱ्याची बायको. सात वर्षांपूर्वी मास्तरांच्या जहाजावर चाचे चढले, तेव्हा एकवीसजण खोलीत पोचले आणि आचारी बाहेर राहिला. दोन दिवस तो दार वाजवत होता. 'उघडा, ते गेले,' म्हणत होता. तिसऱ्या दिवशी नौदल आलं तेव्हा तो दारापाशी मेलेला सापडला. मांडीत गोळी लागली होती, रक्त जाऊन जाऊन गेला.

एकवीसजण घरी परतले आणि बंदरावर कुजबुज सुरू झाली. आचारी चाच्यांना फितूर झाला होता म्हणे. आपला जीव वाचवायला बाकीच्यांचा घ्यायला निघाला होता म्हणे. लोकांच्या जिभेला हाड नसतं. खलाशांच्या सभागृहात, समुद्रावर जीव गेलेल्यांची नावं कोरलेला दगड आहे. त्याचं नाव त्यावर आलं नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती, तिनं बापाचं नाव लावणंच सोडून दिलं. आणि बाई सात वर्षं मान खाली घालून त्याच गल्लीतून भाजी आणत राहिली.

मधल्या सुट्टीत ती मास्तरांच्या टेबलाशी आली.

"भाऊजी, सभागृहाच्या समितीचे लोक म्हणतात, आत असलेल्या कुणी लिहून दिलं तर नाव कोरू."

"काय लिहू, वहिनी?"

"खरं काय ते."

मास्तर बसले आणि एका दमात अर्धं पान लिहून काढलं. मग वर्गात रेंगाळलेल्या पोरांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचून दाखवलं. आचारी फितूर नव्हता. चाच्यांनी त्याच्या मानेवर बंदूक ठेवली होती. दोन दिवस त्यांनी त्याला दार वाजवायला लावलं आणि शेवटी ठार केलं. त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये.

"मी स्वतः आत होतो," सही करत ते म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बाईला रडू आवरेना. कागद ओला होऊ नये म्हणून तिनं तो लांब धरला.

"मलाही वाटायचं हो, की यांनी खरंच तसं केलं असेल," ती म्हणाली. "बायको असून वाटायचं. देव मला क्षमा करो."

"झालं गेलं. आता नाव लागेल."

तिनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. निघता निघता मात्र ती घुटमळली.

"त्यांचा आवाज आत कसा पोचत असेल हो? एकदा वाजवून बघू?"

"बघा की. आता पोलादी खोलीच्या सरावाचाच तास आहे."

शेजारच्या कारखान्यात सरावासाठी तशीच खोली बांधलेली होती. चौदाजण आणि मास्तर आत शिरले, बाई बाहेर उभी राहिली. तेलवाल्यानं दार लावून दांडा ओढला. भिंतीवरचा पडदा उजळला. दारावरच्या कॅमेऱ्यातून ती दिसू लागली, आणि तिच्या मागची बोळकांडी पार टोकापर्यंत.

"ते बटण दाबून धर, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जाईल," मास्तर म्हणाले. "वाजवायला सांग त्यांना."

तेलवाल्यानं बटण दाबून सांगितलं. बाईनं आधी बिचकत दोन टिचक्या मारल्या, मग तळहातानं थापा मारायला लागली.

"उघडा," ती म्हणाली. "ते गेले."

आवाज अगदी स्वच्छ येत होता. कुणी हसलं नाही. तेलवाला पडद्याकडे बघत होता.

"सर, तुमच्या जहाजावर होता असा पडदा?"

"होता की. याच्याहून मोठा."

"म्हणजे तो बंदूकवाला दिसला असेल तुम्हाला."

"अरे, कसला बंदूकवाला?" मास्तर म्हणाले. "ते लिहिलं बिचारीच्या समाधानासाठी. दोन्ही दिवस तो एकटाच दिसत होता. रिकामं जहाज आणि तो. तरी एकानंही दांड्याला हात लावला नाही. याला म्हणतात शिस्त."

तेलवाल्याचा अंगठा अजून बटणावरच होता. बाहेरच्या थापा थांबल्या.