गुलाबी आणि निळं

“नळी गरम पाण्यातून काढून थेट बर्फात घालायची नाही. काच तडकते,” मॅडमनी बजावलं आणि मुली जोडीजोडीनं कामाला लागल्या.

तिला जोडी नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर ती एकटीच असायची. वर्गातल्या मुलींच्या तिप्पट वयाची. सगळ्या तिला काकू म्हणायच्या.

तिनं गुलाबी द्रावण रंग मोजायच्या यंत्रात ठेवलं आणि आकडा लिहून घेतला.

“काकू, तुम्ही पण डावखुऱ्या?” शेजारच्या टेबलावरची बडबडी खिदळली. “मॅडमची कॉपी करता होय!”

ती नुसती हसली.

आज टर्मचं शेवटचं प्रॅक्टिकल. बाकीच्या मुलींना मॅडम सरळ ‘अगं, तू’ म्हणायच्या. हिच्या टेबलापाशी आल्या की नजर यंत्रावर आणि तोंडात ‘तुम्ही’. एकदा तरी मॅडमनी ‘तू’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. घरी तसं म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. ओट्यावर कपसुद्धा एकच उपडा असायचा.

“रंग बदलायचा थांबला म्हणजे सगळं थांबलं असं नाही,” मॅडम सांगत होत्या. “आत दोन्हीकडून ये-जा चालूच असते. समतोल हलवायचा तर काहीतरी बदलावं लागतं. नुसतं बघत बसून तो हलत नाही.”

तिनं नळी गरम पाण्यात धरली. गुलाबी द्रावण बघता बघता निळंशार झालं.

मॅडम जवळ आल्या. “तुमचं रीडिंग?”

“घेतलंय.” मग हळूच, “खोकला अजून गेला नाही वाटतं?”

“प्रयोगाकडे लक्ष द्या.” मॅडम वळल्या.

तिचं लक्ष त्या पाठमोऱ्या अ‍ॅप्रनकडे आणि हात भलतीकडे. नळी सरळ बर्फात गेली. टच्‌कन आवाज झाला. काच फुटली, बोटातून रक्ताची धार लागली.

“आई!” मॅडम किंचाळल्या.

मुली धावल्या त्या मॅडमकडे.

“मॅडम, काच उडाली का? कुठं लागलं तुम्हाला?” बडबडी घाबरून विचारत होती.

मॅडमनी काकूंचं बोट नळाखाली घट्ट धरलं होतं.

“मला नाही लागलं गं,” मागं न बघता त्या म्हणाल्या. “हाक मारली मी.”