अडधी

"अडधी!" व्हरांड्यातून गुजराती डॉक्टर शैलेश यांचा आवाज आला आणि सरला सिस्टरने पोटॅशियमच्या कुपीची मान मोडली.

"अर्धी सांगितली," ती म्हणाली. "सिरिंज दे."

निलमने सिरिंज हातातच धरून ठेवली. "अढी म्हणाले ते. अढी म्हणजे अडीच."

कॉटवर सुकी पडली होती, तलासरीकडच्या एका पाड्यावरची. जुलाब-उलट्यांनी तिचं पार चिपाड झालं होतं. कालपासून लघवी नव्हती. सकाळी तिचं रक्त तपासायला पाठवताना डॉक्टरांनी दोघींना बजावलं होतं, "सलाइनमध्ये पोटॅशियम किती घालायचं ते रिपोर्ट बघून सांगतो. किडनी बंद असेल तर पोटॅशियमनेच हार्ट जागच्या जागी बंद पडेल." आता रिपोर्ट आला होता. तो घेऊन डॉक्टर बाहेर उभे होते.

"डहाणूत जन्म गेला माझा," सरला म्हणाली. "मला गुजराती शिकवतेस? अडधी म्हणजे अर्धी."

"माझी आई उंबरगावची गुजरातीण आहे, सिस्टर. अडधी कुठली आणि अढी कुठली, मला कळतं."

"मग जा ना, विचारून ये. सांग त्यांना, डिप्लोमा केला पण कान कासाच्या नर्सिंग कॉलेजात विसरून आले."

निलम जागची हलली नाही. याच दवाखान्यात, पाटीवर जिल्हा ठाणे होता तेव्हा, त्या वेळच्या सिस्टर न कळलेला शब्द विचारायला डॉक्टरांच्या स्कूटरमागे रस्त्यापर्यंत धावायच्या. आता पाटीवर पालघर आलं, खोलीत एसी आला आणि विचारायची लाज आली. डॉक्टर दाराबाहेर होते. दोघींपैकी एकीनेही उंबरा ओलांडला नाही.

सुकीचा नवरा लाहू व्हरांड्यातून आत आला. "शिस्टरबाय, डाक्तर तं..."

"तू बाहेर बस रे," सरला म्हणाली. "इथे औषधाचा हिशोब चाललाय. तुला काय कळतंय त्यातलं?"

लाहू बाहेर गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

"अर्धीने भागलं नाही तर?" निलमने विचारलं.

"आणि अडीचने मेली तर?"

मग सरलानेच तोड काढली. अर्धी आणि अडीच मिळून तीन. तिनाचे दोन वाटे केले की दीड. बाजारात वांग्यांचा सौदा पटावा तसा सुकीच्या औषधाचा सौदा पटला. दोघींचा मान राहिला. निलमने दुसरी कुपी फोडली.

पुढचं गणित मात्र दोघींनी फार मन लावून केलं. पाचशे एमएलची बाटली, ती आठ तास चालवायची. या नळीतून एका एमएलचे वीस थेंब पडतात. निलमने मोबाइलवर भागाकार केला.

"मिनिटाला वीस पॉइंट आठ तीन."

"एकवीस लाव," सरला म्हणाली. "बावीस नको हं. पेशंटच्या जिवाशी खेळ नाही करायचा."

दीड कुपी सिरिंजमध्ये आली. सुई सलाइनच्या बाटलीच्या रबराला टेकणार, इतक्यात लाहू पुढे झाला आणि त्याने रबरावर अंगठा दाबून धरला.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" सरला ओरडली. "हात काढ! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"तुमाला नाय, समोरच्या चायवाल्याला सांगितलं," लाहू म्हणाला. "अडधी चाय. रिपोटाचं पाकीट तं तेनी आजून फोडलंच नाय."