नुसतं बघा

"नजरबिजर काही नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाच्या पेशींना रोगाशी लढायचा निरोपच पोचत नाही. हा जनुकातला दोष तुमच्याकडून लेकीत आला, लेकीकडून नातवात. बायकांना त्रास होत नाही. मुलगे आजारी पडतात."

पारूबाईंचे दोन्ही मुलगे तान्हेपणीच गेले होते. तेव्हापासून गावातल्या बायका त्यांना पाहताच लेकरांवर पदर ओढत, आणि त्याही कुणाच्या लेकराकडे बघायचं टाळत. काचेपलीकडच्या नातवाकडेही त्यांनी अजून धड पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझी नजर नव्हे... पण माझ्यातूनच आलं ना?"

"तुम्ही काय मुद्दाम दिलंत, आजी?"

पारूबाई गोंधळून उठल्या आणि नातवाला घ्यायला काचेच्या दाराकडे निघाल्या.

नर्सने अडवलं. "आत नका जाऊ, जंतू जातील. इथूनच नुसतं बघा."

बघायचं कसं असतं, तेच पारूबाईंना कळेना.