चाक जमिनीला लागलं नव्हतं

चाकं अधांतरी ठेवणारा चौथा स्टँड लावून प्रसेनजीत गाडीखालून बाहेर आला, तेव्हा धैर्यशील आत वाकून मोबाईलवर मीटरचा फोटो काढत होता.

"अठरा हजार चारशे बारा," तो मोठ्यानं म्हणाला. "गुढीपाडव्याला एवढंच दिसलं पाहिजे. काय?"

"दिसंल की, मालक."

"किल्ली माझ्यापाशीच राहील."

"राहू द्या. बॅटरीची वायरच काढून ठेवतोय मी."

धैर्यशीलनं किल्ली खिशात टाकली आणि खिसा वरून चाचपला. दुसरी किल्ली गणपतीच्या धामधुमीत हरवली होती. त्यापायी ड्रायव्हरला कामावरून काढलं होतं.

लाल, बसकी, दोनच माणसांची ती गाडी. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य. सांडलेला ऊस, मातीची ढेकळं, आणि ही गाडी पोटावर सरपटणारी. म्हणून दसऱ्याला स्टँडवर चढवायची आणि पाडव्याला उतरवायची, हा धैर्यशीलचा दरसालचा नेम. आजवर ती बिद्रीजवळ गुंडूच्या गोदामात असायची. पण कोर्टातल्या साक्षीनंतर गुंडू डोक्यावर बसायला लागला. त्याच्या मागण्या काही संपेनात, शेवटी दोघांचं फाटलं.

ती साक्ष प्रसेनजीतला तोंडपाठ होती. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या दाट धुक्यात, त्याची धाकटी बहीण अक्षता स्कूटरवरून बिद्रीकडे निघाली होती. नर्सच्या नोकरीचा पहिला दिवस. लाल, बसकी गाडी तिला उडवून गेली. पाहणारे दोघं होते, पण नंबर कुणी वाचला नव्हता. मग गुंडूनं कोर्टात शपथेवर सांगितलं, "साहेब, गाडी दसऱ्यापासनं माझ्या गोदामात स्टँडवर हाय. चाक जमिनीला लागलं न्हाय."

धैर्यशील सुटला. पेढेही वाटले म्हणे.

आणि यंदा गणपतीच्या आठवड्यात गाडी प्रसेनजीतच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला आली, तेव्हा त्यानंच विचारलं होतं, "थंडीत कुठं ठेवणार, मालक? माझी कसबा बावड्यातली शेड मोकळीच हाय."

धैर्यशील आधी चपापला, मग खूश झाला. मेलेल्या पोरीचा सख्खा भाऊच गाडी सांभाळतोय म्हटल्यावर गावाची तोंडं आपोआप बंद होणार होती. त्याचा दोस्त पृथ्वीराज म्हणाला, "येडा हायस काय? ब्रेक कापंल त्यो." त्यावर धैर्यशीलनं शेडची एक चावी मागून घेतली. दर रविवारी तो येई, कव्हर न काढता टॉर्चनं गाडीखाली डोकावून ब्रेकचे पाइप तपासी आणि चहा पिऊन जाई.

चहा प्रसेनजीतच आणून देई. हातातला पाना त्या गुबगुबीत मानेवर घालावा, असं दर रविवारी त्याला वाटे. पण कामात त्यानं कसूर केली नाही. टाकी गच्च भरली, टायरात हवा जास्तीची मारली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला.

आई मात्र धुमसत होती. सकाळची बुद्धवंदना झाली की तानाबाई अक्षताच्या फोटोपुढं मेणबत्ती लावी आणि शेडकडं पाठ करून बसे.

"लेकीला खाल्लेली गाडी दारात बांधलीस. लाज न्हाय वाटत?"

"गिऱ्हाईक हाय, आई."

"तिला न्याय कवा मिळायचा रं?"

प्रसेनजीत शेडकडं वळला. त्यालाही दुसरं काही नको होतं. धैर्यशीलचा जीव नको, पैसा नको. त्या दिवशी गाडी रस्त्यावर होती, एवढं एक खरं कोर्टात कुणीतरी बोलायला हवं होतं.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी धैर्यशील चहाचा कप तोंडाला लावत होता, एवढ्यात पोलिसांची जीप दारात थांबली. फौजदारबाई उतरल्या.

"गाडी तुमची?"

"माझीच. का?"

"गुरुवारी पहाटे धुक्यात गुंडूच्या सायकलला उडवलं कुणीतरी. डेअरीला दूध घालायला निघाला होता. पाय मोडलाय, पण शुद्धीवर आहे. नंबर त्यानं वाचलाय."

धैर्यशील हसला. "बाई, गाडी दसऱ्यापासनं स्टँडवर हाय. चाक जमिनीला लागलेलं न्हाय."

"हे वाक्य गुंडूनंही एकदा म्हटलं होतं. ते खोटं होतं, असं काल त्यानं लिहून दिलंय." बाईंनी कागद उघडून वाचला. "'त्या पोरीला ह्यानंच उडीवली. आता माझं तोंड बंद कराय आलता. दहा हिवाळे पुसलीया ती गाडी, आवाजावरनं वळखतो.'"

"अहो, एकच किल्ली हाय, ती बी माझ्या खिशात! दुसऱ्या कुणाला गाडी सुरूच करता येणार न्हाय. मीटरचा फोटो हाय माझ्याकडं, हा बघा!" त्यानं मोबाईल पुढं केला. "प्रसेन, जोड बॅटरी!"

प्रसेनजीतनं मुकाट्यानं कव्हर काढलं, वायर जोडली. धैर्यशीलनं आपल्या हातानं किल्ली फिरवली. मीटर उजळलं. अठरा हजार चारशे शहात्तर.

पुढच्या डाव्या कोपऱ्यावर काळ्या रबराचा ओरखडा होता. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"ह्यानं केलंय!" धैर्यशील ओरडला. "ह्या हरामखोरानं!"

"कशानं, मालक?" प्रसेनजीत म्हणाला. "किल्ली तुमच्या खिशात. शेडची चावीबी हाय तुमच्याकडं."

 शिपायानं धैर्यशीलच्या दंडाला धरलं.

जीप गेल्यावर तानाबाई बाहेर आली. गुंडूनं खरं काय ते लिहून दिल्याचं प्रसेनजीतनं तिला सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली. तिला पाणी देऊन तो घरात गेला. अक्षताच्या फोटोवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली, फ्रेमच्या मागं गणपतीपासून लपवलेली दुसरी किल्ली काढली आणि पंचगंगेच्या वाटेला लागला.