सुनेसमोर

"दिवसाला किती सिगारेटी ओढतात हे?" मँचेस्टरच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या दुकानातल्या बाईने विचारलं. निकोटीन किती तीव्र द्यायचं, ते या आकड्यावर ठरणार होतं. शलाकाने सासऱ्यांना प्रश्न मराठीत सांगितला.

"चार-पाच गं. त्याही जेवणानंतर," अप्पा खाली बघत म्हणाले. सुनेसमोर आणखी काय सांगणार!

मागच्या आठवड्यातही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्यावरून घेतलेलं सौम्य निकोटीन त्यांना पुरलं नाही, आणि काल स्वेटरला पुन्हा सिगारेटचा वास आला. हार्ट अटॅक येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शलाकाच्या जिवाला घोर लागला. खोदून विचारलं तर अप्पा ओशाळतील. गप्प बसलं तर हातचे जातील.

"मी दूध घेऊन येते, अप्पा. बाईंना बोटांनी सांगा, कळेल त्यांना."

ती बाहेर जाऊन थांबली, पण काचेतून बघितल्याशिवाय तिला राहवेना. अप्पांनी दोन्ही पंजे उघडले. मग पुन्हा. बाईने एक बाटली उचलली, तशी अप्पांनी घाईने 'नाही' अशी मान हलवली, दाराकडे चोरून पाहिलं आणि तिसऱ्यांदा पंजे उघडले.

तीस! अप्पांना दिसू नये म्हणून शलाका भिंतीआड सरकली.