दुर्बीण न पोचलेलं पोट

"रिपोर्ट साफ आहे," गोंदियाचे डॉक्टर म्हणाले आणि देवचंद लगेच उठला. त्याची बायको पुष्पांजली मात्र बसूनच राहिली. नऊ वर्षांपूर्वी नागपुरात वजन उतरवण्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आपल्या गावच्या, कामठ्याच्या धानाच्या बांध्यांतून भराभरा चालू लागली होती. पण आता दोन महिन्यांपासून शौचाला काळं होत होतं, अंगात रक्त राहत नव्हतं, आणि तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिलं तर पोटात काहीच सापडलं नव्हतं. "चाल ना. काऊन संशय घेऊन राहिली?" देवचंद कुजबुजला. तिनं डॉक्टरांवरची नजर हलवली नाही. "ऑपरेशनमध्ये माझ्या पोटाचा छोटा भाग आतड्याला जोडला अन् बाकीचं मोठं पोट बंद करून आतच ठेवलं. ते तुम्ही पाहिलं काय?" "नाही. ही दुर्बीण तिथं पोचत नाही." "मग साफ कसं म्हणता?" डॉक्टरांनी रिपोर्ट परत घेतला आणि स्कॅन लिहून दिला. त्या बंद पोटात कॅन्सरची गाठ निघाली; लहान होती, नागपुरात ते पोटच काढून टाकलं. "वजनाच्या ऑपरेशननंतर त्या बंद पोटात कॅन्सर क्वचितच होतो, पण झाला तर उशिरा कळतो," तिथले सर्जन म्हणाले. भेटायला आलेल्या पाहुण्यांना देवचंद सांगत होता, "मले तर पयलेच संशय आला होता." पुष्पांजलीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. हसलं की टाके दुखत होते.