खालची काच

सुशीलाबाईंनी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर हरभऱ्याएवढी टूथपेस्ट घेतली आणि चष्म्याच्या काचेवर हलक्या हाताने गोल गोल फिरवायला सुरुवात केली. मळणीच्या दिवसांत चष्मा दहादा पदराला पुसला, पदरात धानाचं तूस, आणि तुसाने काचांवर बारीक चरे पाडले. दोष द्यायचा कुणाला, पदर आपलाच. हा पेस्टचा उपाय मोबाइलवर बघितलेला. आधी त्यांचा विश्वास नव्हता, पण वरचा भाग धुऊन उजेडात धरला तर खरंच लख्ख दिसला. आता खालचा राहिला होता.

आज काच स्वच्छ हवीच होती. समोरच्या खुर्चीत दुलीचंद बसला होता. तहसिलीबाहेर बसून लोकांचे कागद लिहून देणारा हा माणूस जमिनीच्या वाटणीचा कागद घेऊन घरी आला होता. आजेसासऱ्यांनी खोदलेल्या बोडीचं, त्या लहानशा तळ्याचं, पाणी पहिल्यांदा जिच्यात उतरतं, तो शेताचा तुकडा, ती धानाची बांधी, कागदात लेक चंदाच्या नावाने असायला हवी होती. ती आहे का, एवढंच बाईंना बघायचं होतं. मग सही. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई. गावातल्या निम्म्या बायकांना सही शिकवली, ती हेच बजावत, की वाचल्याशिवाय खाली नाव टाकायचं नाही.

"दे इकडे, माय," मुलगा इंद्रकुमार म्हणाला. "तुजे हात थरथरून राहिले. मी करून देतो."

बाईंना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. या पोराने आईच्या हातातलं काम आपणहून घेतल्याला वर्षं लोटली होती. तो चष्मा घेऊन मागच्या अंगणात नळाकडे गेला. मागून घासण्याचा आवाज येऊ लागला, खर्र खर्र. फडक्याचा आवाज असा नसतो. पण तेवढ्यात दुलीचंदने आपल्या पोरीच्या बारावीचा विषय काढला आणि त्या ऐकत बसल्या.

इंद्रकुमार परत आला. काचा शर्टाला पुसल्या आणि स्वतःच्या हाताने चष्मा आईच्या नाकावर ठेवला.

"घे. झाला नवा."

बाईंनी कागद हातात घेतला. अक्षरं दिसेनात. पानभर पेज सांडल्यासारखं नुसतं पांढरट. त्यांनी कागद जवळ आणला, लांब धरला, दाराकडे वळून उजेडात धरला. मग चष्मा काढून बोटाने चाचपला. चष्मा दोन नंबरांचा होता, वरची काच लांबचं बघायला आणि खालचा चंद्रकोरीएवढा तुकडा वाचायला. वरची काच गुळगुळीत लागली. खालचा तुकडा पाट्यासारखा खरखरीत. फ्रेमच्या खाचेत काळपट काहीतरी अडकलं होतं. पेस्ट तर पांढरी होती. ही तुसाची राख, या घरात पाण्याचे पितळी गुंड घासायची.

"राख काऊन लावली रे?"

"पेस्टनं चरे निघूनच नाई राहिले ना." इंद्रकुमारने नजर नळाकडे वळवली. "आता जाऊ दे. दुलीचंदभाऊ वाचून दाखवतेत. आयक आन सही कर. तहसिलीतले साहेब बाराले उठून जाते."

"हो बाई, मी वाचतो की," दुलीचंद म्हणाला. त्याने कागद उचलला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. घर इंद्रकुमारला. रस्त्याकडच्या तीन बांध्या इंद्रकुमारला. बोडीखालची बांधी चंदाला. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चार हातांवर बसलेला दुलीचंद वरच्या काचेतून स्वच्छ दिसत होता. वाचणाऱ्याची नजर ओळीबरोबर सरकते. बायकांना वाचायला शिकवताना त्यांनी तीस वर्षं तेच तर पाहिलं होतं. दुलीचंदची नजर सरकत नव्हती. ती कागदाच्या एकाच कोपऱ्याला चिकटून होती, आणि चंदाचं नाव घेतल्यावर ती हळूच उठून इंद्रकुमारकडे गेली. इंद्रकुमारने मान हलवली. इतकी थोडी, की कालच्या काचेतून ती दिसली नसती.

सुशीलाबाईंना भयंकर लाज वाटली. याच पोराला मांडीवर घेऊन, त्याचं बोट धरून, त्यांनी पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं होतं.

"कर ना माय सही," इंद्रकुमारने त्यांच्या हातात पेन दिलं. "इथं, माया बोटापाशी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशात परत खोचलं. चष्मा काढला नाही. त्यातून त्या लेकाकडे बघत राहिल्या, तो खाली मान घालेपर्यंत.

"वरची काच कायले सोडली रे बाबू?" त्या म्हणाल्या. "तेबी घासून टाकाची होती. मंग मले तुजं तोंड तरी दिसलं नसतं."